तीन अक्षरांची होडी

आमच्या पोर्थब्रानमध्ये माणसं दोनशे अकरा आणि मतं साधारण साडेचारशे. हा हिशेब माझा आहे. मी पेट्रक उरेन, होडी-क्लबचा वेळ मोजणारा. गेली एकतीस वर्षं माझ्या गळ्यात स्टॉपवॉच आहे आणि खिशात वही. गावातली पोरं मला घड्याळकाका म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, फक्त माझी पाठ वळली की.

गेल्या वसंतात क्लबनं नवी होडी बांधून घेतली. सहा वल्ह्यांची, एल्मच्या फळ्यांची, बत्तीस फूट लांब, अशी देखणी की लोक मुद्दाम वाट वाकडी करून शेडमध्ये डोकावून जात. पण आमच्याकडे नव्या होडीला लगेच नाव मिळत नाही. पहिली शर्यत तिनं कोरी खेळायची. त्या शर्यतीत तिनं आमच्याच किनाऱ्यावरच्या जुन्या होडीला मागं टाकलं, तर मतदानात पहिलं आलेलं नाव तिच्या अंगावर चढतं. नाही टाकलं, तर ते नाव कायमचं बाद आणि दुसऱ्या क्रमांकाचं चढतं. ही रीत कुणी घातली कुणाला ठाऊक नाही, पण मोडायची हिंमत कुणात नाही.

मतदान झालं. पहिलं आलं लव्हडे मावशीचं नाव, चौदा मतं. दुसरं डिगरी पेंडरचं, तेरा.

लव्हडे अँगविन ही अख्ख्या गावाची मावशी. वय सहासष्ट, उंची पाच फुटाला थोडी कमी, आवाज मात्र धक्क्यावरून दीपगृहापर्यंत पोचणारा. शर्यतीत ती सुकाणूवर बसते. मंगळवारी संध्याकाळी प्रार्थनाघराच्या खोलीत कॉर्निशचा, म्हणजे आमच्या इथल्या जुन्या भाषेचा, वर्गही घेते. वर्ग सुरू झाला तेव्हा एकोणीस विद्यार्थी होते. आता चार आहेत आणि त्यांतला एक फक्त हीटरसाठी येतो. तो मी.

तिनं सुचवलेलं नाव होतं हेल, रोमन लिपीत तीनच अक्षरं: एच, ई, एल. आमच्या जुन्या भाषेत हेल म्हणजे उदार, हात न आखडणारा, दारात आलेल्याला आत घेणारा.

डिगरीचं नाव होतं इन्व्हिन्सिबल. म्हणजे अजिंक्य. डिगरी गावाचा पाटी-रंगारी, त्यामुळे दहा अक्षरांचं त्याला भय नाही. त्यानं मतदानाच्या आधीच पत्र्याचे साचे कापून ठेवले होते. डिगरीही सुकाणूवरच बसतो, आणि मावशीपेक्षा आपण चांगले बसतो असं त्याचं मत आहे. गावात हे मत एकाच माणसाचं आहे.

"हेल," तो सभेत म्हणाला. "शेजारच्या गावचा लाउडस्पीकरवाला इंग्लंडातून आलाय. त्याला वाटेल आपण होडीला नरक नाव दिलं."

"त्याला वाटू दे," मावशी म्हणाली. "नरकात पोचायची घाई तुला असेल, मला नाही."

हसण्यावारी गेलं, पण मला माहीत होतं की मावशीसाठी ही गंमत नव्हती. आमची भाषा गावात उरली आहे ती घरांच्या पाट्यांवर, आणि ती घरं उन्हाळ्यापुरती येणाऱ्यांनी विकत घेतलेली. त्यांना त्या पाटीचा अर्थ विचारा, ते सांगतील की ती घराबरोबरच आली. मावशीनं एकदा हीटरपाशी मला सांगितलं होतं, "पेट्रक, मला वर्गात चाळीस माणसं नकोत. मला एक शब्द हवाय. पोराटोरांनी धक्क्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडलेला. एकच. मग मी मेले तरी चालेल." मी म्हटलं, मंगळवारी मरू नकोस, खोली गार पडेल.

शर्यत ठरली जुलैतल्या जत्रेच्या शनिवारी. नव्या होडीवर मावशी आणि तिच्या पहिल्या फळीच्या सहा बायका. जुन्या होडीवर, म्हणजे मोर्वोरेनवर, डिगरी आणि दुसऱ्या फळीच्या सहा. मावशीची भाची मेलिओरा पहिल्या फळीत मागचं वल्हं मारते. तिचे दंड पाहून मासळीवाले घासाघीस करत नाहीत. सगळा हिशेब मावशीच्या बाजूनं होता. डिगरीचे साचे शेडच्या कोपऱ्यात गंजणार हे मी वहीत लिहूनही ठेवलं होतं, तारखेसह.

आणि गुरुवारी नॉर्वेच्या बायका आल्या.

ऑलेसुंदजवळच्या कुठल्याशा बेटावरून, याच शर्यतीत उतरायला सहाजणी, म्होरकी गुनव्होर सेबो नावाची, शाळेत सुतारकाम शिकवणारी. त्यांना शेजारच्या गावानं होडी देण्याचं कबूल केलं होतं. त्या गावच्या होडीचा तळ दुरुस्तीला निघाला आणि या सहाजणी तीन मोठ्या पिशव्या, एक तपकिरी चीजचा ठोकळा आणि होडीविना आमच्या धक्क्यावर उभ्या राहिल्या.

पाहुण्यांना होडी द्यायची हे आमच्याकडे ठरलेलंच असतं, आणि होडीबरोबर इथलं पाणी जाणणारं माणूस सुकाणूवर द्यायचं हेही. प्रश्न एवढाच होता की कुठली.

त्या संध्याकाळी प्रार्थनाघराच्या खोलीत चहा झाला. केशर घातलेले गोड बन चोवीस होते, माणसं एकोणीस, तरी डिगरीला दोनच मिळाले म्हणून तो चिडलेला. त्यानं लगेच सांगून टाकलं की पाहुण्यांना मोर्वोरेन द्या, जुनी आहे, भरवशाची आहे, आणि आपण दुसऱ्या फळीला बाहेर बसवायलाही तयार आहोत. इतकं औदार्य मी डिगरीत पूर्वी पाहिलेलं नव्हतं, पण मावशीला हरवायला या सहाजणी दुसऱ्या फळीपेक्षा भारी पडतील हे मलाही दिसत होतं. मोर्वोरेनच्या तिसऱ्या बैठकीखालून पाणी झिरपतं हे मात्र तो सांगायला विसरला.

एवढ्यात गुनव्होरनं भिंतीवरचं मतदानाचं पत्रक वाचलं आणि ती हसली. म्हणाली, हेल हा शब्द तर आमच्याकडे रोजचा आहे. आमच्याकडे हेल म्हणजे अख्खं, न फुटलेलं. हेल पाव, हेल दिवस. भांडं पडलं आणि तडा गेला नाही तर आई म्हणते, हेल आहे. जुन्या काळी तर लोक एकमेकांना भेटताना, निरोप देतानाही तोच शब्द म्हणत, म्हणजे धडधाकट राहा.

डिगरीनं बन खाली ठेवला. बन खाली ठेवणारा डिगरी धोकादायक असतो.

"म्हणजे शब्द यांचा आहे," तो म्हणाला. "त्यांच्या पूर्वजांनी लुटायला येताना इथं टाकला. आणि नियम सांगतो की नाव कॉर्निश नाहीतर इंग्रजीच पाहिजे. घड्याळ, नियम वाच."

मी वाचला. नियम तसाच होता. सगळे मावशीकडे पाहू लागले.

मावशीनं आधी चहा संपवला. मग तिनं सावकाश सांगितलं की आमचा हेल आणि त्यांचा हेल हे एका घरातले नाहीत. आमच्या हेलची सख्खी भावंडं वेल्समध्ये आणि ब्रिटनीत आहेत, तिथं आजही उदार माणसाला हाएल म्हणतात, आणि त्या दोन्ही किनाऱ्यांवर तो शब्द पोचवायला कुणी नॉर्वेजियन गेला नव्हता. गुनव्होरच्या हेलचं घराणं वेगळं. तो जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि इंग्रजीतला अख्खं या अर्थाचा शब्द त्याचा चुलतभाऊ. "दोन गावांत एकाच नावाच्या दोन बायका असाव्यात तसं," ती म्हणाली. "दोघी भेटल्या, हसल्या, पण नातं नाही."

गुनव्होर जरा हिरमुसली. नातं निघालं असतं तर तिला आवडलं असतं. खोलीतल्या निम्म्या लोकांनाही आवडलं असतं, वर्तमानपत्रात फोटो आला असता. मावशीनं थोडी थाप मारली असती तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. पण शब्दांच्या बाबतीत ही बाई कंजूष आहे, खोटा एकही देत नाही.

मग ती उठली आणि म्हणाली, "पाहुण्यांना नवी होडी द्या."

मेलिओरानं कप आपटला. "मावशी, तुझं डोकं फिरलंय का? नवी यांना दिली तर आम्ही मोर्वोरेनवर. पहिली फळी, आणि सुकाणूवर हा डिगरी. आम्ही यांना चारीमुंड्या चीत करू आणि तुझं नाव बुडेल."

"बुडेल तर बुडेल."

"पंधरा वर्षं याच्यासाठी झुरलीस ना?"

"पोरी," मावशी म्हणाली, "होडीवर उदार असं लिहायचं आणि दारात आलेल्या बाईला गळकी होडी द्यायची, हे मला जमणार नाही. ते लिहायला मग डिगरीच बरा."

डिगरीला हा टोमणा कळला नाही. तो मनात अक्षरं रंगवत होता.

मावशी स्वतः नव्या होडीच्या सुकाणूवर बसणार हे ठरलं. मी घरी येऊन वहीतलं आधीचं भाकीत खोडलं आणि खाली लिहिलं, इन्व्हिन्सिबल, बहुतेक. आयुष्यात खाडाखोड करायला मला आवडत नाही.

शुक्रवारचा पूर्ण दिवस मावशीनं त्या सहाजणींना वाळूवर ओढलेल्या होडीत बसवलं. पाण्यात फक्त तासभर नेलं. त्यांना वल्हवायला शिकवायची गरजच नव्हती, त्या चालण्याआधी वल्हवायला शिकलेल्या असाव्यात. तिनं शिकवल्या खुंट्या.

आमच्या होडीत प्रत्येक वल्हं काठातल्या दोन लाकडी खुंट्यांच्या मध्ये बसतं. पुढची खुंटी ओकची, कठीण, कारण ओढीचा सगळा भार तिच्यावर येतो. मागची मऊ, पाइनची. वल्हं कशात अडकलं, कुणाला धडकलं, तर ही मऊ खुंटी काडीसारखी मोडते आणि काठ वाचतो. तुकडा ठोकून काढायचा, नवी घालायची, पुढं निघायचं. प्रत्येक बैठकीखाली दोन जादा खुंट्या आणि लाकडी हातोडा दोरीनं बांधलेला असतो.

आता ही गोष्ट इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तरी डिगरी ती पाळत नाही. खुंटी बदलायला वेळ जातो, म्हणून तो दोन्ही खुंट्या ओकच्या घालतो. त्याचं म्हणणं, मोडणार नाही तर बदलायची कशाला. एकवीस वर्षांत त्याचं काही बिघडलं नव्हतं, आणि एवढ्या काळात न बिघडलेल्या चुकीला माणूस अक्कल म्हणू लागतो.

मावशी वाळूवर अचानक ओरडायची, "चार नंबर, मोडली." चार नंबरवाली खाली वाकून तुकडा ठोकायची, नवी खुंटी बसवायची, वल्हं आत टाकायची. मी घड्याळ लावत होतो. पहिल्या खेपेला एक मिनिट दहा सेकंद लागले. गुनव्होर सुतारकामवाली असूनही हातोडा बोटावर बसला आणि तिनं तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, जे मावशीनंही मला समजावून सांगितलं नाही. जेवणापर्यंत चाळीस सेकंद झाले. जेवणाला मावशीनं सहा पेस्ट्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या भाजलेल्या करंज्या, आणल्या होत्या, खाऱ्या सारणाच्या, प्रत्येक पेस्टीच्या कोपऱ्यावर ज्या-त्या बाईच्या नावाचं पहिलं अक्षर कणकेनं काढलेलं. गुनव्होरनं आपलं अक्षर शेवटच्या घासापर्यंत राखून ठेवलं, आमच्या रीतीप्रमाणे, कुणी न सांगता. ते पाहून मावशी खूश झाली. संध्याकाळपर्यंत खुंटी एकोणीस सेकंदांवर आली.

डिगरी शेडच्या दारात उभा राहून हे बघत होता. "लव्हडे," तो म्हणाला, "शर्यत सुतारकामाची नाहीये."

"तू वल्हव," मावशी म्हणाली. "आम्ही ठोकतो."

शनिवारी दुपारी बाराला भरती चढत होती आणि नैर्ऋत्येचा वारा बेताचा. पाच होड्या: आमच्या दोन आणि शेजारच्या गावांच्या तीन. धक्क्यावरून निघायचं, मैलभर बाहेरच्या कारेक नावाच्या काळ्या खडकाला डावीकडे ठेवून वळसा घालायचा आणि परत. मी पंचांच्या मोटारबोटीत, खडकापाशी, घड्याळ हातात. धक्का माणसांनी भरलेला, आणि तिथला आवाज मैलभर पाण्यावरून ऐकू येत होता. लोक मोर्वोरेनचं नाव ओरडत होते. कोऱ्या होडीला काय म्हणून ओरडणार.

मेलिओरा आणि तिच्या बायकांनी काही दयामाया केली नाही. करायची पद्धतही नाही. खडकाच्या अर्ध्या वाटेपर्यंत मोर्वोरेन दोन होडी-लांब पुढं होती. मग नॉर्वेच्या सहाजणी सरसावल्या. त्यांचं वल्हवणं आमच्यापेक्षा संथ होतं पण लांब, एका घोटात पाणी पिणाऱ्या माणसासारखं. मावशीचा आवाज आधी ऐकू आला, मग होडी दिसली. खडकापाशी पोचेतो दोन्ही होड्या बरोबरीला होत्या, मावशी आतल्या बाजूला, खडकाजवळ, जिथली जागा नियमानं तिची.

डिगरीला ती जागा हवी होती. त्यानं सुकाणू दाबलं आणि मोर्वोरेन आत घुसवली. मी शिट्टी वाजवली, तो काही थांबला नाही.

वल्ही एकमेकांत अडकली. एक आवाज आला, टक, टक, असा हलका, बरणी उघडल्यासारखा. मोडल्या त्या नव्या होडीच्या दोन मऊ खुंट्या. लगेच दुसरा आवाज आला, तो मात्र जाड, ओल्या लाकडाचा. मोर्वोरेनच्या खुंट्या मोडल्या नव्हत्या. त्या ओकच्या होत्या, कशा मोडतील. त्यांच्याऐवजी काठ गेला. दुसऱ्या आणि चौथ्या बैठकीपाशी काठाचं लाकूड हातभर उभं चिरलं आणि खुंट्या भोकांसकट उपटून लोंबू लागल्या. दोन वल्ही निकामी.

होड्या सुटून वेगळ्या झाल्या. मावशीनं आधी पलीकडं पाहिलं.

"डिगरी, पाणी येतंय का?"

डिगरीनं खाली वाकून पाहिलं. "नाही."

"नक्की?"

"नेहमीचं येतंय तेवढंच."

"मग धक्क्यावर भेटू," मावशी म्हणाली, आणि पुढं वळून, "दोन नंबर, चार नंबर, मोडली."

मी घड्याळ लावलं. गुनव्होर चार नंबरवर होती. हातोडा, तुकडा, खुंटी, वल्हं. सतरा सेकंद. एकीनंही बोटावर मारून घेतलं नाही.

तेवढ्यात तीन होड्या पुढं निघून गेल्या होत्या. नव्या होडीनं परतीच्या मैलात त्यांतल्या दोन गाठल्या आणि टाकल्या. पहिली आली ती कोण, हे मला वहीत बघितल्याशिवाय आज सांगता येणार नाही, आणि गावात कुणालाच सांगता येणार नाही. आमची कोरी होडी दुसरी आली. मोर्वोरेन चार वल्ह्यांवर शेवटची आली, सहा मिनिटं बावीस सेकंदांनी. मेलिओरा रागानं लाल झालेली, पण राग मावशीवर नव्हता.

आणि धक्क्यावर काय झालं ते सांगतो, कारण आमची मोटारबोट कोऱ्या होडीच्या बाजूनंच परतली होती. कोरी होडी रेषेला नाक लावणार तेवढ्यात वरची पोरं ओरडू लागली. आधी दोघं-तिघं, मग सगळी रांग, मग मासळीवाले, मग उन्हाळ्यापुरते आलेले, ज्यांना त्या शब्दाचा अर्थ घराच्या पाटीइतकाच ठाऊक होता. हेल, हेल, हेल. होडीतल्या सहाजणीही वल्ही थांबवून ओरडू लागल्या, त्यांच्या अर्थानं, कारण होडी अख्खी परत आली होती. मावशी सुकाणू धरून ताठ बसली होती. तिला ओरडता येत नव्हतं. एकतीस वर्षांत हा आवाज बंद झालेला मी प्रथमच पाहिला, आणि वेळ मोजायला विसरलो.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर डिगरी शेडमध्ये रंग घेऊन आला. मीच रंगवणार, असं तो कुणी विचारायच्या आधीच म्हणाला. इन्व्हिन्सिबलच्या दहा साच्यांतली शेवटची दोन अक्षरं त्याला कामाला आली, फक्त उलट क्रमानं. पहिलं अक्षर नवं कापावं लागलं. रंगाचा डबा धरायला रीतीप्रमाणे मावशी उभी होती. गुनव्होर दारात उभी होती, गाडीची वेळ झाली तरी हलत नव्हती. तिनं खडकापाशी मोडलेली खुंटी मागून घेतली होती, दोन्ही तुकडे, आणि ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवले होते.

डिगरीनं तिसरं अक्षर पुरं केलं आणि मागं सरकून पाहिलं. "तीनच अक्षरं," तो म्हणाला. "हात तापलाही नाही."

"मग मोर्वोरेनचा काठ बसव," मावशी म्हणाली. "तापेल."

त्यानं बसवला, चार दिवस खपून. बुधवारी मी सामानाची मोजदाद केली. मोर्वोरेनच्या पेटीत ओकच्या खुंट्या बारा, पाइनच्या चोवीस. पाइनच्या सगळ्या नव्या, ताज्या वासाच्या, डिगरीनं स्वतः तासलेल्या. मी आकडे वहीत लिहून पेटी बंद केली.

पुढच्या शनिवारी शेजारच्या गावात शर्यत होती. मंगळवारच्या वर्गाला त्या आठवड्यात अकरा माणसं आली होती, त्यांत मेलिओरा आणि दोन मासळीवाले, आणि हीटर लावायची गरज पडली नाही. शेजारच्या लाउडस्पीकरवाल्यानं होड्यांची नावं वाचायला घेतली, आमच्यापाशी आला आणि अडखळला. त्यानं भोंग्यातूनच विचारलं की पोर्थब्रानकरांनी हे काय नाव ठेवलंय, कुणी सांगेल का.

मावशी माझ्या शेजारीच बन खात होती. ती उठायच्या आत डिगरी मंचावर चढला होता. त्यानं भोंगा त्या माणसाच्या हातातून काढून घेतला आणि सांगायला लागला: आमच्या भाषेत हेल म्हणजे उदार, वेल्समध्ये आणि ब्रिटनीत त्याची सख्खी भावंडं आहेत. नॉर्वेत हेल म्हणजे अख्खं, पण ते घराणं वेगळं, लोकांनी गोंधळ करू नये. मग मऊ खुंटीबद्दल सांगितलं, जणू ती त्यानंच शोधून काढली होती.

"सांगू का त्याला की आवर?" मी मावशीला विचारलं.

"बोलू दे रे," ती म्हणाली. "एकही चूक करत नाहीये."

मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं दहा सेकंद. शर्यत तेवढी उशिरा सुटली, आणि सुटली तेव्हा समोरच्या धक्क्यावरची परक्या गावची पोरंही तोच शब्द ओरडत होती.